बर्फावरचा डिफेन्समन: आकडे खरे की निकाल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग, बघणारी मराठी मंडळी आता मोजकी राहिलेली नाहीत. कुणी टोरंटो-एडमंटनला राहतं, कुणी पुण्यात पहाटे साडेचारचा गजर लावून उठतं. फॉरवर्डबद्दल मला फारसं कुणी विचारत नाही, गोल मोजले की निम्मं काम होतं. भांडणं होतात ती डिफेन्समनवरून. एकाच खेळाडूला एक जण लीगमधला सर्वोत्तम म्हणतो आणि दुसरा "हा संघाला बुडवतोय" म्हणतो, आणि दोघांकडेही पुरावा असतो. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे दिलं आहे तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. डिफेन्समन म्हणजे आपल्या मैदानी हॉकीतला फुलबॅकच ना?

नातेवाईक म्हणा, पण सख्खा नाही. बर्फावर एका वेळी गोलरक्षक आणि पाच स्केटर असतात: तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन. सामन्याला साधारण सहा डिफेन्समन तयार ठेवतात, म्हणजे तीन जोड्या. खेळ न थांबवता खेळाडू बदलता येतात, त्यामुळे कुणी सलग मिनिटभराहून जास्त क्वचितच खेळतो. तरीही पहिल्या जोडीतला डिफेन्समन साठातली चोवीस-पंचवीस मिनिटं बर्फावर काढतो, कुठल्याही फॉरवर्डपेक्षा जास्त. आणि तो नुसता मागे उभा राहत नाही. आपल्या भागातून पक (चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) बाहेर काढायचा आणि समोरच्या ब्लू लाइनवर (त्यांचा भाग जिथे सुरू होतो ती निळी रेघ) उभं राहून हल्ला चालू ठेवायचा, हेही त्याचंच काम. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ज्याला दोन्ही टोकांना काम आहे, त्याला एका आकड्यात कसं बसवणार?

२. प्लस-मायनस आहे की! तेवढं बघून भागत नाही का?

भागलं असतं तर बरं झालं असतं. नियम सोपा आहे. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघाने गोल केला की +१, खाल्ला की −१. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, केलेले गोल धरत नाहीत. पण एक खेळाडू कमी असलेल्या संघाने उलटा गोल केला तर तो धरतात, आणि रिकाम्या जाळीतले गोलही धरतात (प्रश्न १०). एनएचएल हा आकडा अधिकृतपणे १९६७-६८ पासून ठेवते. विक्रम बॉबी ऑरचा: १९७०-७१ मध्ये +१२४.

ऑर महान होताच. पण त्या मोसमात बोस्टन ब्रुइन्सनी ३९९ गोल केले होते आणि एकट्या फिल एस्पोझिटोचे ७६ होते, हेही विसरू नका. प्लस-मायनसमध्ये तुमच्याबरोबर तुमचे चार साथीदार आणि गोलरक्षक असतात, समोरचे सहाही असतात. शाळेच्या गटप्रकल्पात सगळ्यांना सारखेच गुण मिळतात, त्यातला प्रकार. एकाच संघातल्या दोघांची तुलना करायला त्याचा थोडाफार उपयोग होतो. दोन संघांतल्या दोघांची करायला जवळपास नाहीच.

३. हे कॉर्सी काय प्रकरण आहे? आणि नाव असं का?

नाव जिम कॉर्सी यांचं. ते बफलो सेबर्सचे गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. गोलरक्षकावर नेमका किती ताण पडतो हे कळायला नुसते अडवलेले फटके पुरत नाहीत, बाहेर गेलेले आणि वाटेत कुणी अंगावर घेतलेलेही मोजायला हवेत, असा तो विचार होता. पुढे इंटरनेटवरच्या हौशी अभ्यासकांनी तो आकडा संघांसाठी आणि खेळाडूंसाठी वापरायला घेतला आणि कॉर्सींचं नाव त्याला चिकटलं. अंगावर घेतलेले फटके वगळले की तोच आकडा फेनविक होतो. ते नाव मॅट फेनविक या कॅल्गरीच्या चाहत्याचं.

वाचायचं असं: अमुक खेळाडू पाच विरुद्ध पाच खेळात बर्फावर असताना झालेल्या एकूण फटक्यांपैकी त्याच्या संघाचे किती टक्के? पन्नासच्या वर असेल तर पक बहुतेक वेळ समोरच्या टोकाला होता. पंचावन्न म्हणजे फारच उत्तम, पंचेचाळीस म्हणजे काळजीचं कारण.

४. शेवटी गोलच मोजतात ना? फटके मोजून काय हाती लागतं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी पाटी-पेन्सिल घ्या.

एखादा डिफेन्समन पाच विरुद्ध पाचमध्ये सामन्याला सतरा मिनिटं खेळतो असं धरा. ८२ सामन्यांचे झाले साधारण तेवीस तास. लीगमध्ये एका संघाचे तासाला अडीचच्या आसपास गोल होतात. म्हणजे अख्ख्या मोसमात तो बर्फावर असताना दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ११५ गोल. आता ११५ वेळा नाणं उडवा. छापा-काट्यातला फरक दहा-अकराचा सहज पडतो, नाण्यात काहीही खोट नसताना. म्हणजे +१० आणि −१० हे दोन डिफेन्समन मुळात सारखेच असू शकतात, एकाचं नाणं छाप्यावर पडलं इतकंच.

फटके त्याच काळात दोन-अडीच हजारांच्या घरात जातात. संख्या मोठी झाली की नशिबाचा वाटा आपोआप कमी होतो. म्हणून पुढच्या वर्षी काय होईल याचा अंदाज बांधायला फटके जास्त उपयोगी पडतात. झालेल्या वर्षाचा हिशेब मात्र गोलांनीच होतो, गुणतक्ता फटके विचारत नाही.

२०१३-१४ ची दोन उदाहरणं आकडेवाले अजून सांगतात. त्या मोसमात टोरंटो मेपल लीफ्सचे फटके समोरच्यांपेक्षा खूप कमी, तरी मार्चपर्यंत संघ प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीच्या, जागेत. मग शेवटच्या १४ पैकी १२ सामने हरले आणि बाहेर. कोलोराडो ॲव्हलांच तसेच खेळून ११२ गुणांवर पोचले, पुढच्या मोसमात ९० वर आले आणि प्लेऑफ हुकले. लीफ्सनी त्याच उन्हाळ्यात काइल डुबास या आकड्यांवर भिस्त असलेल्या तरुणाला सहायक जनरल मॅनेजर म्हणून घेतलं.

५. मग एक्सजी कशाला आणलं? कॉर्सी पुरत नव्हतं?

ब्लू लाइनवरून सहज ढकललेला पक आणि गोलाच्या तोंडाशी मिळालेली उसळी (गोलरक्षकाला लागून परत आलेला पक), कॉर्सीच्या लेखी दोन्ही सारखेच. एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, प्रत्येक फटक्याला जागा, कोन, प्रकार, उसळीवरचा आहे का हे पाहून वजन देतं. डिफेन्समनसाठी हे महत्त्वाचं, कारण काही जण फटके मारू देतात पण लांबूनच मारू देतात. मर्यादा ही की सार्वजनिक नोंदींतून फटक्याआधी पक आडवा फिरला का, गोलरक्षकासमोर कोण उभं होतं, हे नीट कळत नाही. म्हणून आकडे देणाऱ्या दोन संकेतस्थळांचं एक्सजी एकमेकांशी जुळत नाही. घाबरू नका, दोन्ही बघा.

६. आमचा एक डिफेन्समन उतरला की गोलरक्षक हमखास मार खातो. हा योगायोग कसा असेल?

बहुतेकदा योगायोगच असतो. ऐकायला कटू आहे, मान्य. डिफेन्समन बर्फावर असतानाची गोलरक्षकाची टक्केवारी एका वर्षातून दुसऱ्या वर्षात फारशी टिकत नाही. कौशल्य असतं तर टिकलं असतं. यासाठी पीडीओ नावाचा आकडा आहे: खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघाची गोल करण्याची टक्केवारी अधिक गोलरक्षकाची अडवण्याची टक्केवारी. लीगची बेरीज शंभरच येते. कुणी ९७ वर असेल तर त्याला विकायची घाई करू नका, १०३ वर असेल तर सात वर्षांचा करार देऊ नका.

अपवाद: खेळाडू दुखापत घेऊन खेळत असेल, किंवा वय झाल्यामुळे वळून गाठणं जमेनासं झालं असेल, तर समोरच्यांना मिळणाऱ्या संधींचा दर्जाच बदलतो. मग आधी एक्सजी बिघडतं, टक्केवारी नंतर. तो क्रम तपासा.

७. त्याचे आकडे जोडीदारामुळे चांगले दिसत नाहीत कशावरून?

दोघं नेहमी एकत्र खेळतात तेव्हा श्रेय कुणाचं हे ओळखणं खरोखर अवघड आहे. संसारात मीठ कुणी टाकलं हे ओळखण्याइतकंच. पहिली पायरी सोपी: दोघं एकत्र असताना, पहिला एकटा असताना, दुसरा एकटा असताना, असे तीन आकडे शेजारी ठेवा. त्यापुढची पायरी म्हणजे सगळ्या लीगच्या सगळ्या शिफ्ट (बर्फावरच्या पाळ्या) एका समीकरणात घालून प्रत्येकाचा स्वतंत्र परिणाम काढणं. याला आरएपीएम म्हणतात. यातही जोडी दोन-तीन वर्षं फुटलीच नसेल तर गणित श्रेय साधारण अर्धं अर्धं वाटून मोकळं होतं. तिथे डोळ्यांनाच काम करावं लागतं.

८. कोच त्याला कायम समोरच्यांच्या पहिल्या ओळीविरुद्ध, म्हणजे सर्वोत्तम तीन फॉरवर्डविरुद्ध, उतरवतो. आकडे वाईट दिसणारच ना?

थोडे दिसतील, पण लोकांना वाटतं तितके नाही. घरच्या संघाला शेवटचा बदल करायचा हक्क असतो, म्हणून घरी कोच हवी ती जुळणी करून घेतो. बाहेरगावी तो हक्क समोरच्याचा. शिवाय फेसऑफनंतर (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतात, त्यानंतर) खेळ थांबला नाही तर लोक येत-जात राहतात आणि मोसमभरात बहुतेक जण बहुतेकांशी खेळतात. साथीदारांचा परिणाम प्रतिस्पर्ध्यांच्या परिणामापेक्षा जास्त निघतो, कारण साथीदार रोज तेच असतात (प्रश्न ७). आपल्या टोकातून फेसऑफ किती वेळा घ्यावा लागला याचंही तसंच: फरक पडतो, पण वाईट आकड्यांची सगळी सबब त्यात मावत नाही.

९. संघ ३-० ने पुढे असतो तेव्हा तर सगळेच मागे सरकतात. ते धरतात का?

धरतात. पुढे असलेला संघ जपून खेळतो, मागे पडलेला मिळेल तिथून फटके मारतो. म्हणून चांगल्या संघाचा डिफेन्समन कच्च्या आकड्यांत आहे त्यापेक्षा वाईट दिसू शकतो. संकेतस्थळावर स्कोअरनुसार दुरुस्त केलेला पर्याय असतो, तो निवडा.

१०. एरिक कार्लसनने २०२२-२३ मध्ये १०१ पॉइंट केले आणि प्लस-मायनस −२६. त्याला नॉरिस, म्हणजे सर्वोत्तम डिफेन्समनची ट्रॉफी, दिली ती चूक होती का?

माझ्या मते नाही. पण समोरच्याचं म्हणणं मला समजतं.

आधी वस्तुस्थिती. त्याचा संघ सॅन होजे शार्क्स त्या वर्षी ८२ पैकी २२ सामने जिंकला. कार्लसनचे २५ गोल, ७६ असिस्ट (साथीदाराच्या गोलासाठी दिलेले पास), मिळून १०१ पॉइंट. डिफेन्समनने शंभरी गाठली ती १९९१-९२ च्या ब्रायन लीचनंतर पहिल्यांदाच. नॉरिस ट्रॉफी हॉकी पत्रकारांच्या मतांवर दिली जाते आणि तिचा निकष आहे पूर्ण मोसमातली सर्वांगीण क्षमता. "सर्वांगीण" या एका शब्दावर दरवर्षी वाद पेटतो.

−२६ मध्ये काय काय दडलंय ते बघा. हरणारा संघ शेवटी गोलरक्षक काढून सहावा स्केटर उतरवतो. तेव्हा कोण उतरतो? गोल करून देणारा, म्हणजे कार्लसन. रिकाम्या जाळीत पक गेला की त्याच्या नावावर −१. पॉवर प्लेवर तोच, तिथे समोरच्यांनी निसटून गोल केला की −१. पॉवर प्लेवर त्याने रचलेल्या गोलांचं प्लस मात्र शून्य. गोलरक्षकांचीही त्या वर्षी अवस्था वाईटच होती (प्रश्न ६). आपल्याकडे एखादा फलंदाज शतक ठोकतो आणि संघ डावाने हरतो, तेव्हा त्याला पराभवाचा धनी कुणी म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. तो मागच्या टोकाला बेफिकीर असतो, हे डोळ्यांना दिसतं आणि आकड्यांतही आहे. तो उतरला की दोन्ही जाळ्यांजवळ गर्दी वाढते. हल्ल्यातला नफा बचावातल्या तोट्यापेक्षा मोठा, एवढंच. मला वजाबाकीनंतर उरणारा आकडा महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला बचावपटूने आधी बचाव करावा असं वाटत असेल तर तुमचं मत वेगळं पडेल, आणि ते गणिताने खोडता येणार नाही.

११. सेथ जोन्सला आकडेवाले टाकाऊ म्हणायचे. तोच २०२५ चा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. आकडे तोंडघशी पडले ना?

काही आकडेवाले नक्कीच पडले. आकडे किती पडले, ते बघू.

२०२१ मध्ये शिकागोने त्याला कोलंबसकडून घेतलं आणि वर्षाला ९५ लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार दिला. मग संघ मोडून काढला, चांगले खेळाडू विकले, तळाला गेले. जोन्स पंचवीस मिनिटं खेळत राहिला आणि आकडे वाईट येत राहिले. मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडा पँथर्सनी त्याला घेतलं. तिथे तो पहिल्या जोडीत नव्हता. सर्वांत अवघड काम फोर्सलिंग-एकब्लॅड ही जोडी करत होती. जोन्स निको मिकोलाबरोबर दुसऱ्या जोडीत उतरायचा आणि उत्तम खेळला. पगारातला काही भागही शिकागोच्याच माथी राहिला.

मग खरं कोण? माझं म्हणणं असं की "हा ९५ लाखांचा पहिल्या जोडीचा खेळाडू नाही" हे आकड्यांचं वाक्य अजून उभं आहे. "हा खेळाडूच नाही" हे वाक्य लोकांनी पुढे जोडलं होतं, ते आडवं झालं. बुडत्या संघातल्या खेळाडूचा आकडा वेगळा काढण्याचं गणित कितीही चांगलं असलं तरी तळाच्या संघात ते डगमगतं, कारण तिथे तुलनेला धड साथीदारच नसतात.

१२. आकडे आणि निकाल दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात असं कधी होतं का?

होतं की. गुस्ताव फोर्सलिंग. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्यात) १२६ वा. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला होता आरन एकब्लॅड. फोर्सलिंग संघ बदलत फिरला, आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलिनाने त्याला वेव्हर्सवर ठेवलं, म्हणजे कुणीही फुकट उचलावा. फ्लोरिडाने उचलला आणि पुढे एकब्लॅडच्याच शेजारी उभा केला. २०२३-२४ मध्ये त्याचं प्लस-मायनस +५६, लीगमध्ये पहिलं. फटके, एक्सजी, गोल, सगळं एकाच दिशेला. २०२४ आणि २०२५ चे दोन्ही कप त्याच्या घरी.

कॅरोलिना हा आकड्यांवर चालणाऱ्या संघांतला अग्रणी, आणि हिरा निसटला तोही त्यांच्याच हातून. आकडेवाल्यांच्या मेळाव्यात हा विषय काढून बघा, चेहरे पाहण्यासारखे होतात.

१३. अंगावर फटके घेणारा, धडका देणारा खेळाडू आकड्यांत का दिसत नाही?

दिसतो, फक्त उलटा. फटका अंगावर घ्यायचा म्हणजे पक समोरच्याकडे आहे. धडक द्यायची म्हणजेही पक समोरच्याकडेच आहे. ज्या यादीत नाव वर असावं असं वाटतं, ती पुष्कळदा आपल्याच टोकात अडकलेल्यांची यादी निघते. याउलट पक गमावण्याच्या यादीत वर्षानुवर्षं मोठी नावं असतात, कारण पक त्यांच्याकडेच जास्त असतो. शिवाय धडक कशाला म्हणायचं हे त्या त्या मैदानावरचा नोंदणारा ठरवतो, आणि काहींचा हात फार सढळ आहे.

१४. ज्याच्याकडे कुणी फिरकतच नाही, त्याचं काम कोण मोजणार?

कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. कोपरा भक्कम असला की चढाईपटू तिकडे जातच नाही. मग पकडींच्या यादीत त्याचं नाव खाली दिसतं.

बर्फावर हे मोजायचा मार्ग म्हणजे ब्लू लाइन. पक ताब्यात ठेवून आत शिरलेल्या हल्ल्यातून मिळणारे फटके, पक आत फेकून मागे धावण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट असतात, हे एरिक टुल्स्की आणि मंडळींनी तासन्‌तास चित्रफिती बघून दाखवलं. टुल्स्की रसायनशास्त्रातले डॉक्टरेट, आणि २०२४ पासून कॅरोलिनाचे जनरल मॅनेजर. तेव्हा डिफेन्समनबद्दल विचारायचा प्रश्न असा: समोरच्याला ब्लू लाइनवर किती वेळा पक सोडायला लावतो?

कॅरोलिनाचाच जेकब स्लाविन याचा नमुना. पॉइंट बेताचे, काठी लांब, अंगाला अंग क्वचितच. सभ्य खेळाची लेडी बिंग ट्रॉफी २०२१ आणि २०२४ मध्ये मिळाली, डिफेन्समनसाठी ती दुर्मीळ. डोळेवाले आणि आकडेवाले त्याच्याबाबतीत भांडत नाहीत. आता पक आणि खेळाडू दोघांवरही संवेदक आहेत. त्यातला थोडा भाग लीग लोकांना दाखवते, बाकीचा संघांकडे राहतो.

१५. सुब्बान-वेबर अदलाबदलीत शेवटी कोण जिंकलं?

कुणीच नाही. २९ जून २०१६ ला माँट्रियलने पी. के. सुब्बान नॅशव्हिलला दिला आणि शे वेबर घेतला. सुब्बान तरुण, आकडे उजवे. वेबर चार वर्षांनी मोठा, फटका तोफेसारखा, ड्रेसिंग रूममधला आधार. आकडेवाल्यांनी माँट्रियलला वेड्यात काढलं. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल अंतिम फेरीत पोचलं आणि पिट्सबर्गकडून हरलं. २०२१ मध्ये वेबरच्या कप्तानीत माँट्रियल पोचलं, तेही हरलं, आणि वेबर दुखापतींमुळे त्यानंतर खेळला नाही. सुब्बानही २०२२ मध्ये थांबला. दोघांचे गुडघे-पाठी काय सांगत होत्या हे दोन्ही पक्षांच्या वहीत नव्हतं.

१६. म्हणजे कप जिंकणं हा पुरावाच नाही?

संघासाठी आहे. एका डिफेन्समनसाठी फार कमी. प्लेऑफ जास्तीत जास्त २८ सामन्यांचं असतं, आणि ११५ गोलांतच किती गोंधळ होतो ते प्रश्न ४ मध्ये पाहिलं. जॅक जॉन्सनचं बघा. आकड्यांत वर्षानुवर्षं तळाला. पिट्सबर्गने २०१८ मध्ये पाच वर्षांचा करार दिला आणि २०२० मध्ये पैसे मोजून मोडला. २०२२ मध्ये कोलोराडोच्या सॅम्युअल जिरार्डला दुखापत झाली, त्याच्या जागी जॉन्सन काही मिनिटं निभावत राहिला आणि कपावर नाव कोरलं गेलं. मला त्याच्यासाठी आनंद झाला. मत बदललं नाही.

१७. मी काही गणिती नाही. पहाटे सामना बघताना नेमकं काय बघू?

पक सोडा आणि एका डिफेन्समनला धरा, फक्त एका पिरियडपुरतं (सामन्याच्या वीस मिनिटांच्या एका भागापुरतं). समोरचा वेगाने येतो तेव्हा हा ब्लू लाइनच्या आत किती मागे सरकतो? कोपऱ्यात पक घ्यायला जाताना मान वळवून मागे बघतो का? मिळालेला पक साथीदाराच्या काठीवर देतो की काचेवरून भिरकावतो? एका कागदावर रेघा मारा: बाहेर काढला, फेकून दिला, गमावला. पाच-सहा सामने झाले की मगच त्याचे आकडे उघडा. जुळले तर छान. न जुळले तर आधी जोडीदार बदलला होता का ते तपासा (प्रश्न ७), आणि मग मला लिहा. कागदाचा फोटोही पाठवा.